फुकट खेळलेला कॅप्टन

तुमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी सेंटर फॉरवर्ड निवडायचाय, असं समजा. ट्रायलला एक मुलगा आलाय. अंगानं किडकिडीत, चेहरा फिकट, त्यात दम्याचा जुना त्रास. बॉल हवेतून आला तर डोकं लावायला फारसा उत्सुक नाही. समोरच्या टीमचे दांडगे डिफेंडर पाहिले की वाटावं, एक धक्का बसला तर हा थेट टचलाइनबाहेर जाऊन पडेल. काय कराल? नाव आणि नंबर लिहून घ्याल आणि नंतर कळवतो म्हणाल. आपल्याकडे नंतर कळवतो याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

इंग्लंडनं मात्र या मुलाला घेतलं. १८९३ ते १९०१ या काळात तो इंग्लंडकडून २० मॅच खेळला. आजच्या हिशेबानं हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेव्हा ना वर्ल्ड कप होता, ना युरो. इंग्लंडच्या वर्षाकाठी ठरलेल्या तीनच मॅच असायच्या : आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांच्याशी. १८९६ ते १९०० या सलग पाच वर्षांत त्यातली एकही मॅच त्यानं चुकवली नाही. डझनाहून जास्त वेळा तो देशाचा कॅप्टन होता. त्याच्या काळातल्या सर्वोत्तम सेंटर फॉरवर्डमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. आणि या सगळ्यासाठी त्यानं पगार म्हणून एक पेनीही घेतली नाही.

त्याचं नाव गिल्बर्ट ऑस्वाल्ड स्मिथ. आद्याक्षरं जी. ओ., म्हणून मित्रमंडळीत तो नुसता जो.

फुकट खेळला म्हटल्यावर लगेच भारी वाटतं, हो ना? पैशासाठी नाही, निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी. आजच्या कोट्यवधींच्या ट्रान्सफर्स पाहिल्या की असा माणूस संतच वाटायला लागतो. पण जरा थांबा. जो स्मिथची गोष्ट नीट पाहिली तर एक गंमत लक्षात येते : फुकट खेळायलाही पैसे लागतात. ते कुठून यायचे, आणि ज्याच्याकडे ते नव्हते त्याचं काय व्हायचं, हे कळल्याशिवाय हा माणूस पुरता कळत नाही.

पाच दिवसांनी मोठा

स्मिथचा जन्म २५ नोव्हेंबर १८७२ चा, लंडनजवळच्या क्रॉयडनचा. त्यानंतर पाचच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, ग्लासगोमध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच झाली. ०–० अशी सुटली. म्हणजे हा मुलगा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपेक्षा पाच दिवसांनी मोठा! एफए कपची पहिली फायनलही त्याच वर्षीची.

शिकायला तो चार्टरहाउसला गेला. इंग्लंडात ज्यांना पब्लिक स्कूल म्हणतात त्या शाळांचं नाव फसवं आहे. त्या आपल्या झेडपीच्या शाळेसारख्या सगळ्यांसाठी उघड्या नव्हत्या. भरमसाट फी असलेल्या, बड्या घरच्या मुलांच्या या बोर्डिंग शाळा. ईटन, हॅरो, चार्टरहाउस वगैरे. फुटबॉलचे लिखित नियम तयार झाले ते याच शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांमुळे. प्रत्येक शाळेचा आपापला खेळ, आपापले नियम. पुढे १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि एक सामाईक नियमावली बनली. सुरुवातीची वर्षं या खेळावर याच वर्गाचं राज्य होतं. चार्टरहाउसच्या माजी विद्यार्थ्यांची टीम, ओल्ड कार्थुजियन्स, १८८१ चा एफए कप जिंकली होती. फायनलला समोर कोण? ईटनचे माजी विद्यार्थी.

तर असा हा शाळकरी स्मिथ. जिथं फुटबॉल घरचाच होता, ग्राउंड होतं, बूट होते, वेळ होता. तिथून तो ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात गेला, आणि युनिव्हर्सिटीत असतानाच, विसाव्या वर्षी, इंग्लंडकडून खेळला. २५ फेब्रुवारी १८९३, बर्मिंगहॅमचं पेरी बार ग्राउंड, समोर आयर्लंड. इंग्लंड ६–१ नं जिंकलं. त्यातला एक गोल स्मिथचा.

कापडगिरणीतल्या पोरांची फायनल

आता दहा वर्षं मागं जाऊया, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

३१ मार्च १८८३. लंडनच्या ओव्हल ग्राउंडवर एफए कपची फायनल. एका बाजूला ओल्ड ईटोनियन्स, आदल्याच वर्षी कप जिंकलेले. दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिंपिक, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कापडगिरण्यांच्या गावातली टीम. तिच्यात विणकर होते, प्लंबर होता, कारखान्यात राबणारी पोरं होती. एका फाउंड्रीच्या मालकानं पैसे घातले म्हणून ही पोरं फायनलआधी काही दिवस ब्लॅकपूलला समुद्रकाठी राहून सराव करू शकली. त्या काळी हे भलतंच वाटलं. मॅचआधी सराव करायचा? तोही कामधंदा सोडून?

मॅच जादा वेळेत गेली आणि ऑलिंपिक २–१ नं जिंकली. त्यानंतर शाळा-कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांची कुठलीही टीम आजतागायत एफए कप जिंकलेली नाही. त्या फायनलमध्ये ईटनकडून खेळताना एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला होता. आर्थर डन त्याचं नाव. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

विणकराचा प्रश्न साधा होता. शनिवारी अर्धा दिवस सुटी असली तरी लांबच्या गावी मॅच असेल तर सकाळीच निघावं लागणार. म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. पाय मोडला तर महिनाभराची. त्यानं फुकट का खेळावं? मग क्लबवाले गुपचूप पैसे द्यायला लागले. कुणाच्या बुटात नाणी, कुणाला नावापुरती नोकरी. अखेर १८८५ मध्ये असोसिएशननं पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी दिली, आणि १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली.

दक्षिणेतल्या सभ्य गृहस्थांना हे रुचलं नाही. पैसे घेऊन खेळणारा तो प्रोफेशनल, म्हणजे थोडक्यात नोकर. हौशी खेळाडू मात्र जेंटलमन. असं सांगतात की १८८६ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध जेम्स फॉरेस्ट नावाचा प्रोफेशनल इंग्लंडकडून खेळला, तेव्हा तो वेगळा दिसावा म्हणून त्याला बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचा शर्ट घालायला लावला. देश एक, टीम एक, आणि शर्ट मात्र वेगळा. आपल्याकडे वेगळं ताट, वेगळा कप कशाला म्हणतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या शर्टाचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

स्मिथ इंग्लंडच्या टीममध्ये आला तो या भांडणाच्या ऐन मध्यावर.

बक्षीस नको म्हणणारा क्लब

हौशी खेळाडूंचा एक क्लब होता, कोरिंथियन. १८८२ मध्ये एन. लेन जॅक्सन या गृहस्थानं तो काढला. कारण काय, तर इंग्लंड स्कॉटलंडकडून सारखं हरत होतं. स्कॉटिश पोरं एकत्र सराव करायची, एकमेकांना पास द्यायची. इंग्लंडचे बडे बडे खेळाडू मॅचच्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना भेटायचे आणि जो तो आपला बॉल घेऊन पळत सुटायचा. जॅक्सननं ठरवलं, शाळा-युनिव्हर्सिटीतले सगळ्यात चांगले हौशी खेळाडू एका क्लबात आणायचे, म्हणजे त्यांना एकमेकांची सवय होईल.

क्लबाचं सुरुवातीला स्वतःचं ग्राउंड नव्हतं. नियम असा की कुठल्याही कपासाठी, बक्षिसासाठी खेळायचं नाही. फक्त फ्रेंडली मॅच. १८९१ मध्ये पेनल्टी किकचा नियम आला तेव्हा या मंडळींना तो चक्क अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम फाऊल करतो असं गृहीतच कसं धरता? म्हणे त्यांच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली तर त्यांचा गोलकीपर बाजूला होऊन उभा राहायचा, आणि त्यांना मिळाली तर ते मुद्दाम बाहेर मारायचे.

हसू येईल, पण खेळात हे लोक कच्चे नव्हते. १८८४ मध्ये त्यांनी त्या वर्षीच्या कपविजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला ८–१ नं धुतलं. १८९४ आणि १८९५ मध्ये वेल्सविरुद्ध इंग्लंडचे अकराच्या अकरा खेळाडू कोरिंथियनचे होते. दोन्ही मॅचमध्ये स्मिथ होता. आणि १९०० मध्ये, एका धर्मादाय शील्डसाठी, त्यांनी लीग चॅम्पियन अॅस्टन व्हिलाला २–१ नं हरवलं. पैसे घेऊन रोज सराव करणाऱ्या देशातल्या एक नंबरच्या टीमला फावल्या वेळात खेळणाऱ्यांनी हरवणं, हे आजही कुणी पचवणार नाही.

पास देणारा फॉरवर्ड

स्मिथ नेमका काय करायचा? तो पास द्यायचा.

आज हे सांगण्यासारखं वाटत नाही. पण जेंटलमन लोकांचा जुना खेळ ड्रिबलिंगचा होता. बॉल मिळाला की खाली मान घालून सुसाट सुटायचं, जमेल तितक्यांना चकवायचं, आणि सेंटर फॉरवर्ड म्हणजे तर धडका मारणारा गडी. स्मिथकडे धडक मारण्याइतकं अंगच नव्हतं. त्यामुळे त्यानं मधली जागा वेगळ्या तऱ्हेनं वापरली. तेव्हा पुढच्या फळीत पाच जण असायचे. स्मिथ मधोमध राहून बॉल घ्यायचा, डिफेंडर अंगावर येईपर्यंत थांबायचा आणि नेमक्या क्षणी दोन डिफेंडरच्या मधल्या फटीतून तो दुसऱ्याच्या पायात सोडायचा. धडक मारायला आलेला माणूस पोचेपर्यंत बॉल तिथं नसायचाच. स्वतः मारायची वेळ आली तर जमिनीलगत, कोपऱ्यात, नेमका. आजच्या भाषेत त्याला कदाचित फॉल्स नाइन म्हटलं असतं.

त्याच्या पासचा सगळ्यात मोठा लाभार्थी होता स्टीव्ह ब्लूमर, स्मिथच्या उजव्या हाताला खेळणारा. डर्बी काउंटीचा स्टार, इंग्लंडकडून २३ मॅचमध्ये २८ गोल मारलेला. आता या दोघांना शेजारी शेजारी उभं करून पाहा. स्मिथ चार्टरहाउस आणि ऑक्सफर्डचा. ब्लूमर पोरवयातच लोहारकामाला लागलेला, हातात घण घेतलेला. डर्बीनं त्याला घेतलं तेव्हा सुरुवातीचा पगार आठवड्याला साडेसात शिलिंग. मैदानाबाहेर हे दोघं एका टेबलावर जेवायला बसण्याची शक्यता त्या समाजात जवळजवळ शून्य. मैदानावर मात्र दोघांमध्ये जेमतेम दहा यार्डांचं अंतर.

१६ मार्च १८९६ ला कार्डिफमध्ये इंग्लंडनं वेल्सला ९–१ नं हरवलं. ब्लूमरचे गोल ५, स्मिथचे २.

ब्लूमरनं पुढे स्मिथबद्दल जे सांगून ठेवलंय त्यात गोलांचा विषय फारसा नाही. त्याला आठवत होतं ते हात मिळवणं. स्मिथ प्रोफेशनल खेळाडूंशी हात मिळवायचा तो अशा रीतीनं, की भेटून याला खरोखर आनंद झालाय हे समोरच्याला लगेच कळायचं. आता विचार करा, इतक्या साध्या गोष्टीची आठवण एखाद्याला आयुष्यभर का राहावी? राहते, कारण बाकीचे तसा हात मिळवत नव्हते.

लॉर्ड्सवरचा जुलै

एवढ्यावर गोष्ट संपवली तर हौशी म्हणजे सज्जन आणि स्मिथ त्यातला मुकुटमणी, असा तुमचा समज होईल. म्हणून १८९६ च्या जुलैमधली एक क्रिकेट मॅचही पाहायला हवी. हो, क्रिकेट. हा माणूस तेही खेळायचा.

लॉर्ड्सवर ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज. तेव्हा ही मॅच म्हणजे लंडनच्या उच्चभ्रूंचा सणच. दोन्हीकडचे सगळे खेळाडू जेंटलमन, पैशाचा संबंध नाही. केंब्रिजनं पहिल्या डावात ३१९ केले. ऑक्सफर्डचे गडी पटापट गेले. त्या वेळचा नियम असा होता की १२० किंवा त्याहून जास्त रननी मागं पडलात तर फॉलोऑन सक्तीचा. द्यायचा की नाही हे समोरच्या कॅप्टनच्या हातात नव्हतं. केंब्रिजचा कॅप्टन फ्रँक मिचेल याला मात्र ऑक्सफर्डला लगेच पुन्हा बॅटिंग द्यायची नव्हती. शेवटी बॅटिंग करायची पाळी त्यांच्यावर यावी, असा त्याचा हिशेब. ऑक्सफर्डचा शेवटचा गडी खेळत होता, फॉलोऑन टळायला १२ रन हवे होते. मिचेलच्या सांगण्यावरून बोलर शाइननं तीन बॉल मुद्दाम असे टाकले की ते थेट बाउंडरीला गेले. तीन चौकार, १२ एक्स्ट्रा रन, फॉलोऑन टळला.

नियमात बसत होतं. पण पॅव्हिलियनमधले सभ्य सदस्यसुद्धा चिडून ओरडायला लागले. जिंकायची घाई जेंटलमनलाही असते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

शेवटच्या डावात ऑक्सफर्डसमोर ३३० चं टार्गेट होतं, तेव्हाच्या मानानं डोंगराएवढं. स्मिथ बॅटिंगला आला आणि १३२ करून गेला. ऑक्सफर्ड ४ विकेटनी जिंकलं. तो आउट होऊन परतताना अख्खं पॅव्हिलियन उठून उभं राहिलं होतं. (त्याच महिन्यात मँचेस्टरला रणजितसिंहजींनी पहिल्याच टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १५४ केले. केंब्रिजचेच ते.) फॉलोऑनचा तो नियमही पुढे १९०० मध्ये बदलला आणि निर्णय कॅप्टनच्या हाती आला.

गंमत अशी की तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, फुटबॉलवरच्या एका गाजलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. असोसिएशन फुटबॉलवर त्यात लिहिलं स्मिथ आणि त्याचा मित्र विल्यम ओकली यांनी. रग्बीवर लिहिलं याच फ्रँक मिचेलनं. मैदानावरचं भांडण तिथंच मिटलं होतं. बड्या घरच्या मुलांना ही एक सोय असते. खेळ संपला की आयुष्य वाट पाहत असतं, आणि ते बरंच चांगलं असतं.

मास्तर

फुटबॉलर म्हणून स्मिथचा सगळ्यात जोरदार दिवस १८ फेब्रुवारी १८९९ चा. सुंदरलँडचं रोकर पार्क, समोर आयर्लंड, स्कोअर १३–२. त्यातले ४ गोल स्मिथचे. एका मॅचमध्ये एवढे गोल इंग्लंडनं त्यानंतर आजपर्यंत मारलेले नाहीत.

पण या दिवशी त्याचा पेशा काय होता माहीत आहे? शाळामास्तर. ऑक्सफर्डहून निघाल्यावर तो लंडनच्या उत्तरेला लडग्रोव्ह नावाच्या लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागला होता. ही शाळा १८९२ मध्ये काढली होती आर्थर डननं. हो, तोच, १८८३ च्या फायनलमध्ये जखमी झालेला. डन स्वतः इंग्लंडकडून खेळलेला, त्यामुळे इंटरनॅशनल मॅचसाठी सुटी मागताना मास्तरांना फार ओशाळावं लागत नसणार!

आता ती कळीची गोष्ट पाहा. सोमवार ते शुक्रवार मुलांना शिकवायचं, शनिवारी खेळायचं, लांबच्या मॅचला हेडमास्तरच हसून निरोप देणार. मजुरी बुडायची भीती नाही, घरी चूल पेटायची चिंता नाही. अशा माणसाला फुकट खेळणं शक्य होतं. स्मिथनं पैसे नाकारले हे खरं; पण नाकारणं परवडत होतं, हेही तितकंच खरं. त्याच्या शेजारी खेळणाऱ्या ब्लूमरला ते परवडणारं नव्हतं. म्हणून ब्लूमरचं खेळावरचं प्रेम एक आणा तरी कमी ठरतं का?

३० मार्च १९०१ ला क्रिस्टल पॅलेसवर स्कॉटलंडशी २–२ बरोबरी झाली. ती स्मिथची शेवटची इंटरनॅशनल. वय २८. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आर्थर डन अचानक वारला, आणि शाळेची जबाबदारी स्मिथ आणि ओकली या दोघांवर आली. दोघंही इंग्लंडचे खेळाडू, दोघंही संयुक्त हेडमास्तर. खेळाचं शिखर सोडून तो मुलांच्या वह्या तपासायला निघून गेला, आणि वीस वर्षं तिथं राहिला. त्या शाळेत शिकून गेलेला एक मुलगा, अॅलेक डग्लस-होम, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

दोघांचं पुढे काय झालं

स्मिथनं बूट काढले त्याच सुमारास, १९०१ मध्ये, असोसिएशननं प्रोफेशनल खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घातली : आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड. तुम्ही कितीही गोल मारा, ग्राउंडवर तिकीट काढून कितीही हजार माणसं येवोत, चारच पौंड. पगाराची कमाल मर्यादा पुढे वाढत गेली, पण पूर्ण उठली ती थेट १९६१ मध्ये. क्रिकेटमधला जेंटलमन आणि प्रोफेशनल हा भेद तर १९६२ पर्यंत टिकला. पैशानं खेळ बिघडतो असं सांगणारे आणि खेळाचे पैसे मोजून घेणारे, बऱ्याचदा एकाच टेबलाभोवती बसलेले असायचे.

ब्लूमर १९१४ पर्यंत, म्हणजे चाळिशीपर्यंत खेळत राहिला. मग पोटासाठी कोचिंगची नोकरी शोधत बर्लिनला गेला. तो पोचला आणि काही आठवड्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून जर्मनांनी त्याला रुहलेबेनच्या छावणीत डांबलं. इंग्लंडसाठी २८ गोल मारलेला माणूस काटेरी तारांच्या आत. तिथंही तो फुटबॉल खेळत होता.

एकाच टीमचे दोन खेळाडू. एकाचा पास, दुसऱ्याचा गोल. एकाला खेळ सोडता आला, दुसऱ्याला शेवटपर्यंत खेळावरच जगायचं होतं.

यात स्मिथला दोष द्यायचं कारण नाही. तो जिथं जन्मला ते त्यानं ठरवलं नव्हतं. त्याच्या वर्गातल्या अनेकांनी प्रोफेशनल पोरांना खेळ बाटवणारे ठरवलं, १९०७ मध्ये तर हौशी लोकांनी वेगळी असोसिएशन काढून चूलच वेगळी मांडली. स्मिथच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं : समोरच्याचा हात नीट हातात घेतला, आणि बॉल त्याच्या पायात दिला. अख्खी समाजव्यवस्था त्यानं बदलली नाही. पण जिथं तो उभा होता त्या दहा यार्डांत तरी ती लागू होऊ दिली नाही.

म्हातारपणी तो हॅम्पशरमधल्या लिमिंग्टनला राहायचा. दुसरं महायुद्ध चालू असताना एडवर्ड ग्रेसन नावाच्या एका शाळकरी मुलानं त्याला पत्रं लिहिली, जुन्या खेळाबद्दल विचारलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांनी उत्तरं पाठवली. त्या मुलानं पुढे, १९५५ मध्ये, कोरिंथियन क्लबाच्या काळावर पुस्तक लिहिलं. तोवर स्मिथ नव्हता. ६ डिसेंबर १९४३ ला तो गेला, ७१ व्या वर्षी.

कोरिंथियन हे नाव मात्र तुम्ही ऐकलं असेल. १९१० मध्ये हा क्लब ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला. त्यांचा खेळ पाहून साओ पावलोतल्या काही कामगारांनी आपला क्लब काढला आणि त्याला हेच नाव दिलं. जेंटलमन लोकांच्या क्लबाचं नाव आज जगात जिवंत आहे ते रंगारी आणि मजुरांनी काढलेल्या क्लबामुळे! जो स्मिथला हे नक्की आवडलं असतं.

आता पुन्हा तुमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर या. पाचच्या प्रॅक्टिसला रोज येणारे कोण आणि कधीमधी दांडी मारणारा कोण, हे तुम्हाला पाठ असेल. त्या दांडी मारणाऱ्याला डेडिकेशन नाही, असं कॅप्टन म्हणत असेल. एकदा विचारून तर पाहा, तो पाच वाजता कुठं असतो. कदाचित पाठीवर डिलिव्हरीची बॅग घेऊन सिग्नलला थांबलेला असेल, कदाचित काकाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला असेल. मग प्रॅक्टिस सकाळी सहाला ठेवता येते का, एवढं बघा. आणि तो आला, की बॉल त्याला द्या.